स्कूबाची विंग किती मोठी घ्यावी? शरीराचं वजन बाजूला ठेवा, हिशोब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वजन ८८ किलो. अंदमानात अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केला, आता कर्नाटकात नेत्राणी बेटावर आणि गोव्यात ग्रँड आयलंडला डाइव्ह करतो. भाड्याच्या बीसीडीला कंटाळलोय, स्वतःची बॅकप्लेट आणि विंग घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, तुमचं वजन जास्त आहे, ४५ पौंडांची विंग घ्या, लिफ्ट जितकी जास्त तितकं सुरक्षित. पुढच्या वर्षी नोकरीसाठी इंग्लंडला जातोय, तिथे ड्रायसूटमध्ये डाइव्ह करायचा विचार आहे. दोन्हीकडे चालेल अशी एकच विंग कोणती?"

नवख्यांसाठी आधी शब्द: बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट; त्याऐवजी पाठीवर धातूची पाटी (बॅकप्लेट) आणि तिच्यामागे फुगवायची पिशवी (विंग) लावता येते. विंग पाण्यात जेवढं वजन उचलते ती तिची लिफ्ट. वेटसूटमध्ये पाणी शिरतं, ड्रायसूटमध्ये शिरत नाही. शिसं म्हणजे बुडण्यासाठी लावायची वजनं. आता थेट उत्तर देतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, एका अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरवर, पातळ वेटसूटमध्ये तुम्हाला २५ ते ३० पौंडांची विंग भरपूर झाली. ४५ पौंडांची घेऊ नका. इंग्लंडमध्ये स्टीलचं सिलिंडर आणि ड्रायसूट आला की शिशाची वाटणी नीट केली तर ३० पौंडांवर भागतं, नाहीतर ३५ ते ४० लागतात. आणि तुमचं वजन ८८ किलो आहे की ५८, याचा या आकड्यांशी फारच थोडा संबंध आहे.

शेवटच्या वाक्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माणसाचं शरीर समुद्राच्या पाण्यात जवळजवळ आपोआप तरंगतं. चरबी वर खेचते, हाडं आणि स्नायू खाली ओढतात, फुप्फुसातली हवा वर धरते. या सगळ्याची वजाबाकी केली की बहुतेक माणसं किलो-दोन किलो इकडे किंवा तिकडे, एवढीच उरतात. ८८ किलोचा माणूस पाण्यात ८८ किलोचा नसतो, त्यामुळे विंगला ते ८८ किलो उचलावेच लागत नाहीत. मोठ्या अंगाचा सूट मोठा असतो, त्यात निओप्रीन (सूटचं फुगीर रबर) जास्त असतं, म्हणून एखाद-दुसऱ्या किलोचा फरक पडेल. बस, एवढंच.

मग विंग नेमकं करते काय? पाण्याखाली तिचं काम दोन गोष्टींची भरपाई करणं आहे. पहिली, सिलिंडरमधल्या हवेचं वजन. दुसरी, खोलीवर दाबला गेलेला सूट. याशिवाय पृष्ठभागावर तिला दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, त्या पुढे येतीलच. पाण्याखालच्या दोन गोष्टींची बेरीज आणि पृष्ठभागावरचे दोन आकडे, या तिघांपैकी जो सर्वांत मोठा, त्यावर थोडी शिल्लक धरायची. हाच तुमच्या विंगचा आकार.

हवेला वजन असतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण डाइव्हवर ते विसरायला होतं. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम. आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे मिळतं ते अ‍ॅल्युमिनियमचं 'एटी' (८० घनफुटी) सिलिंडर आतून ११.१ लिटरचं असतं आणि २०७ बार दाबाला भरलं की त्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते. म्हणजे सुमारे २.६ किलो. ही हवा तुम्ही डाइव्हभर श्वासातून बाहेर सोडत असता, म्हणजे तेवढे हलके होत असता. म्हणूनच भरलेलं 'एटी' समुद्रात अर्धा-पाऊण किलो जड असतं आणि रिकामं झालं की उलटून दोन किलोनं तरंगायला लागतं. डाइव्हच्या शेवटी ५ मीटरवर थांबताना आपोआप वर निघून जाणारे डाइव्हर तुम्ही पाहिले असतील. त्यामागे बहुतेक वेळा हे दोन-अडीच किलो असतात.

आता शिसं किती लावायचं? डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर जवळजवळ रिकामं, विंग पूर्ण रिकामी, सूट फुललेला, अशा स्थितीत ५ मीटरवरच्या सुरक्षा थांब्यावर स्थिर राहता यावं, इतकंच. त्याहून एक किलोही जास्त नको. असं शिसं बरोबर लावलं असेल तर डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही बरोबर हवेच्या वजनाइतके, म्हणजे २.६ किलो जड असता. ही झाली विंगची पहिली जबाबदारी.

दुसरी सूटची. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, त्यांच्यामुळे सूट तरंगतो आणि ऊबही देतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे त्याच प्रमाणात आकसू पाहतात. रबर थोडा विरोध करतं, त्यामुळे प्रत्यक्षात सूट पार चौथाईवर येत नाही, पण खरेदीचा हिशोब करताना सूटचं सगळं तरंगणं संपलं असंच धरा. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. पूर्ण अंगाचा ३ मिलिमीटरचा सूट साधारण दोन किलोनं तरंगतो. ५ मिलिमीटरचा चार ते सहा. ७ मिलिमीटरचा दुहेरी सूट दहाच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. अंतर पडतं ते इथे, सूटच्या जाडीत.

तुमच्या कोमट पाण्यातल्या डाइव्हची बेरीज मग अशी होते. हवा २.६ अधिक सूट २, म्हणजे साडेचार-पावणेपाच किलो. डाइव्हच्या अगदी सुरुवातीला, भरल्या सिलिंडरनिशी थेट ३० मीटरवर गेलात तरीही विंगमध्ये पाच लिटर हवासुद्धा लागत नाही. समुद्राच्या पाण्यात एक लिटर हवा म्हणजे एक किलोहून किंचित जास्त लिफ्ट, त्यामुळे लिटर आणि किलो एकच धरून चाललं तरी हरकत नाही. पौंडांत सांगायचं तर १०-११ पौंड. दुकानदारानं सुचवलेल्या विंगचा चौथा हिस्सा.

तरी मी २५ ते ३० सुचवतोय, ते पृष्ठभागासाठी.

पृष्ठभागावरची पहिली परीक्षा: तुम्ही अंगावरून सगळा साज, म्हणजे सिलिंडर-प्लेट-विंगचा जोड, उतरवला तर तो एकटा, तुमच्या आधाराविना, तरंगला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर ही निव्वळ पुस्तकी अट नाही. लहान बोटींवर शिडी नीट नसते, वर चढण्याआधी किट पाण्यातच काढून वर द्यावं लागतं. डाइव्ह सुरू होताच रद्द झाली तर सिलिंडर पूर्ण भरलेलं असतं, आणि त्या क्षणी विंग कमी पडली तर सगळा साज तळाला जातो. म्हणून बेरीज भरलेल्या सिलिंडरची करायची. भरलेलं 'एटी' ०.७ किलो. स्टीलची बॅकप्लेट हवेत २.७ किलोची असेल तर पाण्यात २.३. रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र), होज (हवेच्या नळ्या) आणि गेज (दाबमापक) मिळून सव्वा किलोच्या आसपास. साजावरच लावलेलं शिसं दोन किलो. सगळं मिळून सव्वासहा किलो. टॉर्च, रील, कॅमेऱ्याचा एखादा तुकडा धरा, सात झाले.

दुसरी परीक्षा: भरल्या सिलिंडरनिशी लाटांवर बोटीची वाट पाहताना तुमचं तोंड पाण्याबाहेर आरामात राहिलं पाहिजे. माणसाचं डोकं सुमारे पाच किलोचं. ते पाण्याबाहेर काढलं की पाणी त्याला उचलणं थांबवतं, ते पाच किलो विंगवर येतात. पृष्ठभागावर सूट फुललेला असतो, त्याचा भार नाही. म्हणजे हवेचे २.६ अधिक डोक्याचे ५, साडेसात-आठ किलो. नेत्राणीला दुपारी वारा उठला की समुद्राला जी उसळती लाट येते तिच्यावर खांदेही थोडे वर हवेत, म्हणून दहा धरा.

दहा किलो हा सर्वांत मोठा आकडा आला. पौंडांत २२. थोडी शिल्लक ठेवली की २५ ते ३०. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो. इथे हिशोब संपतो. यात तुमच्या ८८ किलोंचा उल्लेखही करावा लागला नाही.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे येतो, कारण ते वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि त्यानं खरंच नुकसान होतं. मोठी विंग म्हणजे जास्त सुरक्षित, हे पटण्यासारखं वाटतं. पण विंगच्या मोठेपणाची किंमत पाण्याखाली मोजावी लागते.

४५ पौंडांच्या विंगमध्ये वीस लिटर हवा मावते. तुम्ही वापरणार तीन ते पाच. उरलेलं कापड सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना लोंबत राहतं, पाणी ओढतं, पाय मारायला जास्त दम लागतो, आणि दम लागला की हवा लवकर संपते. ही विंग रुंदीनं जोडसिलिंडरसाठी बनवलेली असेल तर आणखी वाईट. एका सिलिंडरभोवती तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि सिलिंडर गोधडीत गुंडाळल्यासारखं होतं. मग कडांच्या वरच्या टोकाला हवा अडकून बसते. तुम्ही हवा सोडायचा खालचा डंप व्हॉल्व्ह ओढता, पण हवा तिथे नसतेच. ती बाहेर काढायला अंग फिरवावं लागतं, कूस बदलावी लागते. सुरक्षा थांब्यावर हे करावं लागणं म्हणजे थांबा हुकण्याची तयारी.

दुसरा धोका इन्फ्लेटर, म्हणजे विंगमध्ये हवा भरायचं साधन, अडकण्याचा. मीठ साचून किंवा वाळूचा कण जाऊन इन्फ्लेटरचं बटण उघडं राहिलं, तर होज ओढून काढेपर्यंत विंग फुगत जाते. भरून ओसंडली की जादा हवा दाबाच्या व्हॉल्व्हमधून निघून जाते, म्हणजे वर खेचणारं बळ विंगच्या आकारापुरतंच राहतं. ३० पौंडांच्या विंगमध्ये तुम्ही आधी तीन लिटर वापरत असाल तर जास्तीत जास्त दहा-साडेदहा किलोचं बळ तुम्हाला वर ओढेल. ४५ पौंडांच्या विंगमध्ये सतरा. दोन्ही वाईट, पण दुसऱ्यात होज काढून डंप ओढायला मिळणारा वेळ कमी. लहान विंग अपघात टाळत नाही, पण अपघात लहान ठेवते.

मात्र एक गोष्ट मी दुकानदाराच्या बाजूनं सांगेन. मोठी विंग मागणारे अनेक डाइव्हर खरोखरच तेवढी वापरत असतात, कारण त्यांनी गरजेपेक्षा चार-पाच किलो जास्त शिसं लावलेलं असतं. नवशिक्याला खाली नेणं सोपं जावं म्हणून त्याच्या पट्ट्यात जादा शिसं घालायची पद्धत आहे. सुरुवातीच्या डाइव्हमध्ये ते समजण्यासारखं आहे. पण तो आकडा लॉगबुकात लिहिला जातो, आणि पुढे वर्षानुवर्षं माणूस प्रत्येक बोटीवर "मला आठ किलो लागतात" म्हणत राहतो. श्वास शांत झालेला असतो, तंत्र सुधारलेलं असतं, शिसं मात्र पहिल्या दिवसाचंच.

त्या जादा चार किलोंचं पाण्याखाली काय होतं ते बघा. ते उचलायला विंगमध्ये सतत चार लिटर जास्त हवा ठेवावी लागते. २० मीटरवरून १० मीटरवर येताना दाब तीनवरून दोनवर येतो, चार लिटरचे सहा होतात. वेळेत काढले नाहीत तर दोन किलोची अनपेक्षित ओढ. १० मीटरवरून पृष्ठभागाकडे चार लिटरचे आठ होतात. शिसं जितकं जास्त, तितका हा वर-खाली होणारा हवेचा गोळा मोठा, आणि तितकं तुम्ही सतत बटणं दाबत राहणार. बॉयन्सी (तरंगण्याचा तोल) जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं शिसं मी सर्वांत आधी तपासतो. विंगची खरेदी त्यानंतरच.

म्हणून तुम्हाला आग्रहानं सांगतो: पैसे खर्च करण्याआधी एक सकाळ मोजमापाला द्या. तलाव किंवा शांत किनारा, लटकवायचा स्प्रिंगचा हातकाटा, जाळीची पिशवी आणि थोडं सुटं शिसं, एवढं पुरतं. वेटसूट भिजवून, आतली हवा पिळून काढून, पिशवीत गुंडाळा आणि तो बुडेपर्यंत शिसं घालत जा. तेवढं त्याचं तरंगणं. मग भरलेलं सिलिंडर, रेग्युलेटर, साज एकत्र बांधून काट्याला लटकवा आणि पाण्यात बुडवून आकडा वाचा. तेवढं त्याचं पाण्यातलं वजन. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, ५ मीटरवर विंग पूर्ण रिकामी करून, शांत श्वास घेत स्थिर राहता येतंय का ते बघा. बुडत असाल तर शिसं कमी करा. हे पाण्यात गेल्या-गेल्या भरल्या सिलिंडरनिशी तपासलं तर फसगत होते, कारण अडीच किलो हवा अजून खर्च व्हायची असते. तेव्हा बरोबर वाटलं तर शेवटी हमखास वर जाल.

माझे वरचे आकडे नेहमीच्या साजाचे आहेत. तुमचं रेग्युलेटर वेगळं, सूट वेगळा, जुन्या सूटचं निओप्रीन दबून गेलेलं. एकेका किलोचा फरक निघेल आणि तो तुमच्या काट्यावरच कळेल.

आता इंग्लंड. तिथे गणित बदलतं, आणि बदल वाटतो तिथे नसतो.

तुम्ही बहुधा खाणीत साचलेल्या गोड्या पाण्यात सुरुवात कराल, लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या ठिकाणी. हिवाळ्यात पाणी ५ अंशांच्या आसपास असतं. ड्रायसूटच्या आत जाड कपडे, त्यांच्यात भरपूर हवा, म्हणजे सूट दहा-बारा किलोनं तरंगतो. सिलिंडर बहुतेक १२ लिटरचं स्टीलचं, २३२ बारला भरलेलं. त्यातली हवा सव्वातीन किलोच्या जवळपास. असं सिलिंडर भरलेलं असताना समुद्रात चार किलोच्या आसपास जड असतं आणि रिकामं झालं तरी किंचित जडच राहतं, अ‍ॅल्युमिनियमसारखं तरंगायला लागत नाही.

ड्रायसूट खोलीवर दबला जातो, पण आपण त्यात हवा सोडत राहतो, त्यामुळे वेटसूटसारखं त्याचं तरंगणं हरवत नाही. सगळं ठीक चालत असेल तर विंगला फक्त हवेच्या सव्वातीन किलोंची भरपाई करायची आहे. म्हणजे पाण्याखालचं काम कोमट पाण्यापेक्षाही कमी! मग विंग मोठी का लागावी? कारण दोन.

एक, शिसं. सूट अकरा किलोनं तरंगतो, त्याला खाली धरायला बॅकप्लेट आणि रेग्युलेटरचे साडेतीन किलो वजा करूनही साडेसात किलोच्या आसपास शिसं लागेल. ते सगळं साजावरच लावलं तर साज उतरवल्यावर बेरीज होते: सिलिंडर ४, प्लेट २.३, रेग्युलेटर १.२, शिसं साडेसात. पंधरा किलो. ३० पौंडांची विंग इथे बुडाली. पण त्यातलं पाच किलो शिसं कमरेच्या वेगळ्या पट्ट्यावर घेतलं तर साजाचा भार दहावर येतो आणि ३० पौंडांत व्यवस्थित बसतो. तेच शिसं, तीच विंग, फक्त लावायची जागा वेगळी.

दोन, ड्रायसूटमध्ये पाणी शिरणं. मानेची किंवा मनगटाची सील फाटली, झिप सुटली, तर आतल्या कपड्यांमधली बरीचशी हवा जाते. सगळी जात नाही, पण गेली असं धरून अकरा अधिक हवेचे सव्वातीन, चौदा किलोहून थोडं जास्त. ३० पौंडांची विंग म्हणजे १३.६. काठावर आहे. पट्ट्यावरचं पाच किलो शिसं टाकून देता येत असेल तर प्रश्न मिटतो. टाकता येत नसेल तर ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोंची, विंग घेणं शहाणपणाचं. इंग्लंडमध्ये ४० पौंडांची विंग घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पण ती एका सिलिंडरसाठी बनवलेली, अरुंद असावी.

गोड्या पाण्यासाठी एक दुरुस्ती. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि साज मिळून १२० किलो भराल, तर खाणीत समुद्रापेक्षा तीन किलो शिसं कमी लागेल. शनिवारी खाणीत बरोबर बसलेलं वजन रविवारी समुद्रात कमी पडेल, हे लक्षात ठेवा.

पुढे कधी स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या उपसागरात जायची इच्छा होईलच. २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमारानं स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांपैकी काही अजून तिथे तळाशी आहेत, आणि त्या पाहण्यासाठी जगभरातून डाइव्हर येतात. त्या खोलीवर अनेकजण जोडसिलिंडर वापरतात. १२ लिटरची दोन स्टीलची सिलिंडरं, त्यांना जोडणारा मॅनिफोल्ड, पट्टे, प्लेट, दोन रेग्युलेटर असा साज शिशाशिवायच चौदा-पंधरा किलो भरतो आणि नुसत्या हवेचंच वजन साडेसहा किलोच्या आसपास जातं. त्याला रुंद, ४० ते ६० पौंडांची वेगळी विंग लागते. ती आत्ता विकत घेऊन एका सिलिंडरवर चालवायचा विचार मनात आणू नका. बॅकप्लेटची सगळी परंपरा फ्लोरिडातल्या गुहांमध्ये जोडसिलिंडर घेऊन जाणाऱ्या डाइव्हरांकडून आलेली आहे, त्यामुळे मोठ्या विंगची छायाचित्रं सगळीकडे दिसतात आणि तोच योग्य आकार वाटू लागतो. त्यांच्या पाठीवरचं ओझं वेगळं असतं.

याच संदर्भात एक इशारा, आणि तो गांभीर्यानं घ्या. जाड वेटसूट आणि स्टीलची जोडसिलिंडरं ही जोडी टाळा. खोलीवर सूट दबतो, हवा पूर्ण भरलेली असते, टाकून द्यायला शिसंच नसतं. विंग फाटली तर तुम्ही बारा-पंधरा किलो जड असाल आणि पाय मारून वर येणं शक्य होणार नाही. कुठलाही साज जुळवताना स्वतःला विचारा: सर्वांत खोल ठिकाणी, सिलिंडर भरलेलं असताना, विंग पूर्ण निकामी झाली तर मी शिसं टाकून आणि पाय मारून वर येऊ शकेन का? तुमच्या कोमट पाण्यातल्या साजात उत्तर हो आहे. पावणेपाच किलो जड, त्यातलं दोन किलो शिसं टाकलं की पावणेतीन. धडधाकट माणूस तेवढं वर आणतो.

बॅकप्लेट स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची, हा तुमचा न विचारलेला प्रश्न आहे, पण हिशोबात येतो. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट एक किलोची, पाण्यात जेमतेम सहाशे ग्रॅम. अंदमानच्या विमानात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते, त्यात पावणेदोन किलोचा हा फरक फार जाणवतो. तिकडे पोचल्यावर पावणेदोन किलो शिसं जास्त मागून घ्यायचं, इतकंच. इंग्लंडमध्ये मात्र स्टीलचीच घ्या. तिथे नाहीतरी शिसं खूप लागणार आहे.

विंग हातात घेऊन बघताना काही गोष्टी तपासा. नाव पौंडांत असलं तरी सगळे उत्पादक एकाच रीतीनं मोजत नाहीत, म्हणून जमलं तर तलावात पूर्ण फुगवून, शिसं लटकवून, खरी लिफ्ट बघा. आकार गोल कडीसारखा असेल तर हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला खालूनही फिरते, घोड्याच्या नालेसारखा असेल तर फक्त वरून. एका सिलिंडरला मी गोल आकाराला पसंती देतो, हवा काढायला ती सोपी जाते. खालचा डंप व्हॉल्व्ह डाव्या हाताला न चाचपडता सापडला पाहिजे. इन्फ्लेटरची नळी आखूड असावी, छातीपर्यंत पोचण्याइतकी. लांब नळी तळाच्या प्रवाळावर घासत जाते. रबराच्या दोऱ्यांनी बाहेरून आवळलेल्या विंग घेऊ नका. दोऱ्या आतल्या हवेला नको तिथे ढकलतात आणि कुठे फाटलं तर उरलेली हवाही पिळून बाहेर काढतात.

देखभालीचं आपल्याकडे विशेष बघावं लागतं. डाइव्हच्या दिवशीच इन्फ्लेटरमधून विंगमध्ये गोडं पाणी भरा, हलवा, डंपमधून काढून टाका, दोन-तीन वेळा. आत सुकलेलं मीठ ब्लॅडरला (विंगच्या आतल्या पिशवीला) कापतं आणि बटण अडकवतं. पावसाळ्याचे चार महिने कोकणात डाइव्हिंग बंद असतं, तेव्हा विंग अर्धवट फुगवून, सावलीत, हवेशीर खोलीत लटकवून ठेवा. घडी घालून पिशवीत ठेवलेल्या विंगला ऑक्टोबरमध्ये आतून बुरशी आलेली असते.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. आत्ता बॅकप्लेट, एकसंध पट्ट्याचा हार्नेस आणि ३० पौंडांची, एका सिलिंडरची गोल विंग घ्या. शिसं आधी तपासा. इंग्लंडला जाताना हे सगळं घेऊन जा. तिथे ड्रायसूटचा कोर्स भाड्याच्या सूटमध्ये करा, त्या पाण्यात स्वतःचं शिसं ठरवा, पाच किलो पट्ट्यावर घेऊन साज उतरवून बघा. तरंगला आणि तोंड आरामात वर राहिलं तर काही विकत घ्यायची गरज नाही. नाही तरंगला तर ४० पौंडांची विंग तिथेच घ्या. प्लेट आणि हार्नेस तेच राहतात, त्यावर दुसरी विंग चढवायला दहा मिनिटं लागतात. सुट्टीला घरी आलात की जुनी ३० पौंडांची परत चढवा आणि नेत्राणीला जा.